दूधवाला तेव्ये आणि झीरो मोस्टेल

‘फिडलर ऑन द रूफ’ म्हटले की इस्रायलमधील आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे टोपोल उभे राहतात. १९७१ च्या चित्रपटाचा हा प्रताप. परंतु न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर हा दूधवाला तेव्ये प्रथम उभा केला तो झीरो मोस्टेल यांनी.

त्यांचे खरे नाव सॅम्युएल जोएल. जन्म ब्रुकलिन येथे, २८ फेब्रुवारी १९१५ रोजी, एका सनातनी यहुदी घरात. ओढ चित्रकलेची. म्युझियममध्ये लोकांना चित्रे समजावून देता देता ते त्यांना हसवू लागले, आणि १९४२ पासून हसविणे हाच धंदा झाला. १९४४ साली त्यांनी केट हार्किन या ख्रिस्ती नर्तकीशी लग्न केले. आईवडिलांनी ते मान्य केले नाही. नाटकात तेव्येची मुलगी परधर्मीयाशी लग्न करते आणि बाप तिच्याकडे पाठ फिरवितो. त्या बापाचे काम पुढे याच मुलाच्या वाट्याला आले!

त्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालू होती. १९५५ साली चौकशी समितीपुढे मोस्टेल यांनी मित्रांची नावे सांगण्याचे साफ नाकारले. चित्रपटांची दारे तर आधीच बंद झाली होती. ती कित्येक वर्षे उघडली नाहीत. १९६० मध्ये बसखाली पाय चिरडला. डॉक्टर पाय कापा म्हणत होते, यांनी कापू दिला नाही.

‘फिडलर’चे दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी १९५३ साली त्याच समितीला नावे दिली होती. मोस्टेल त्यांच्या हाताखाली काम करावयास तयार झाले, मात्र मैत्री केली नाही. तालमीतला एक प्रसंग सहकारी सांगत असत. घरात शिरताना तेव्ये मझूझाचे चुंबन घेई. रॉबिन्स म्हणाले, ते नको. तेव्हा मोस्टेल यांनी दारात उभे राहून छातीवर क्रूस काढला! रॉबिन्स निमूटपणे मान्य झाले. शनिवार तेल्यांच्या घरांतून आलेल्या आम्हांस हा शब्बाथ पाळणारा दूधवाला परका कसा वाटेल? मझूझाशिवाय मात्र नक्कीच वाटला असता.

२२ सप्टेंबर १९६४ रोजी नाटक लागले आणि मोस्टेल यांना टोनी पारितोषिक मिळाले. पण रोज तीच वाक्ये म्हणणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. ते पदरचे विनोद घालीत, आणि सहकाऱ्यांची तारांबळ उडे. वर्ष भरण्यापूर्वीच ते बाहेर पडले. निर्माते हॅरोल्ड प्रिन्स यांनी त्यांना थांबविण्याचा आग्रह धरला नाही, आणि त्यांचे फारसे चुकले असे आम्हांस वाटत नाही. दुसरे तेव्ये आले, आणि १९७२ पर्यंत एकूण ३,२४२ प्रयोग झाले. चित्रपटासाठी मोस्टेल यांना डावलून टोपोल यांना घेतले, हे शल्य मात्र त्यांना लागून राहिले.

१९७६ साली हे नाटक पुन्हा उभे करावयाचे ठरले तेव्हा मोस्टेल यांनाच बोलाविले. आपल्याकडे ‘सौभद्र’ पुन्हा लागले की अर्जुन कोण, हाच पहिला प्रश्न, तेथेही तसेच. नाटक जुने झाले होते, लोकांना पाहावयाचा होता तो हा माणूस. गावोगावचे प्रयोग करीत २८ डिसेंबरला ते ब्रॉडवेवर परतले, एकसष्टाव्या वर्षी, त्या अधू पायानिशी नाचत. १६७ प्रयोग झाले.

१९७७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात ते शायलॉकची नवी भूमिका घेऊन उभे राहिले. एकाच प्रयोगानंतर आजारी पडले, आणि ८ तारखेला वारले. १९९० मध्ये ब्रॉडवेवर तेव्ये पुन्हा आला, तेव्हा ते काम टोपोल यांनी केले.