कापलेली गाठ आणि डॉ. खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५चा, क्वेट्ट्यातला. कुटुंब मूळचे गोमंतकीय. लंडनहून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. होऊन ते मुंबईत आले, ग्रँट आणि जी. एस. मेडिकल कॉलेजांत शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या.

काढलेला तुकडा ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, आणि तो ज्याच्या अंगावरचा, तो माणूस काय नेसतो, काय चघळतो हेही तपासत. १९४५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन केले. वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेल्या धोतराने कमरेच्या कातडीला काच पडतो, जखम चिघळत राहते आणि काहींना तिथेच कर्करोग होतो. पुढे परकराच्या नाडीखालीही तो सापडला. रोज नेसायच्या कपड्यावर संशय घ्यायला धाडसच लागते.

नारपोलीतला यंत्रमाग कामगार डोक्यावरचे आवाळू दाखवायला येतो, तेव्हाही गरज याच शिस्तीची असते. बहुतेक आवाळू निरुपद्रवी असतात. जुन्या गाठीत कॅल्शियम साचले की ती खड्यासारखी लागते. लहान मुलांच्या गालावर, मानेवर, दंडावर अशी कडक गाठ पुष्कळदा केसाच्या मुळापासून निघालेली असते. तिचे नाव पायलोमॅट्रिकोमा. १८८० मध्ये माल्हर्ब आणि शेनांते या फ्रेंच डॉक्टरांनी तिचे वर्णन केले, पण ती त्यांना तेलग्रंथीतली वाटली. मानेवर असली की घरच्यांना क्षयाची शंका येते. चाचपून खात्री होत नाही. स्लाइडवर मात्र केंद्रक हरवलेल्या, नुसती बाह्यरेषा उरलेल्या पेशी आणि त्यांत साचलेले कॅल्शियम दिसते, आणि निदान पक्के होते. क्वचित अशाच साध्या दिसणाऱ्या गाठीत कर्करोगही निघतो. म्हणून काढलेली गाठ, कितीही लहान असो, कचऱ्यात न टाकता फॉर्मालिनच्या बाटलीत घालून तपासणीला जायला हवी. रुग्णाने रिपोर्ट मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

खानोलकर १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये कसे पसरतात, हेही त्यांनी स्लाइडवरच शोधले. १९६० ते ६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.