विश्लेषण : मुलांचा कान फोडणाऱ्या जिवाणूचे ‘साखरेचे कवच’ कोणी ओळखले?

बाळाला सर्दी होते, मग ताप चढतो. रात्रभर ते कान ओढत रडते आणि सकाळी उशीवर पू दिसतो. मुलांच्या मध्यकर्णातील संसर्गामागच्या प्रमुख जिवाणूंपैकी एक म्हणजे न्यूमोकोकस. त्याचे बळ कशात आहे, हे शोधण्यात ऑस्वल्ड एव्हरी यांनी तीन दशके घालवली.

एव्हरी कोण होते?

जन्म १८७७ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सचा. वडील धर्मोपदेशक. एव्हरी दहा वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. १८९२ मध्ये वडील आणि थोरला भाऊ दोघेही गेले. १९०४ मध्ये एव्हरी डॉक्टर झाले. मात्र काही वर्षांतच दवाखाना सोडून प्रयोगशाळेकडे वळले. १९१३ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात त्यांनी न्यूमोनियावर संशोधन केले. लग्न त्यांनी केले नाही.

त्यांना काय सापडले?

१९१७ मध्ये रुग्णांच्या रक्तात व लघवीत त्यांना या जिवाणूपासून सुटलेला एक पदार्थ आढळला. १९२३ मध्ये रसायनतज्ज्ञ मायकेल हायडलबर्गर यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की जिवाणूभोवतीच्या आवरणाचा हा पदार्थ म्हणजे शर्करांची लांब साखळी आहे. या निसरड्या आवरणामुळे पांढऱ्या पेशींना जिवाणू धरता येत नाही. पुढे रेने द्युबो यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत हे आवरण विरघळवणारे विकर मातीतल्या जिवाणूपासून मिळवले. ते दिलेले उंदीर जीवघेण्या संसर्गातून वाचले. हत्यार कोणते, हे पक्के झाले.

लहान मुलेच का सापडतात?

नाकामागून कानाकडे जाणारी नळी मुलांमध्ये आखूड व आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, आत द्रव साचतो आणि नाकातले जिवाणू तिथे वाढतात. आवरणाला चिकटणारी प्रतिपिंडे असली, तर पांढऱ्या पेशी जिवाणूला गिळू शकतात. पण दोन वर्षांखालील मुलांचे शरीर निव्वळ शर्करेविरुद्ध अशी प्रतिपिंडे नीट बनवत नाही.

यावर उपाय कसा निघाला?

१९३१ मध्ये एव्हरी व वॉल्थर गोबेल यांनी ही शर्करा प्रथिनाला जोडून सशांना टोचली. एकट्या शर्करेला दाद न देणाऱ्या सशांमध्ये प्रतिपिंडे तयार झाली. मुलांसाठीची न्यूमोकोकल लस याच तत्त्वावर बनते. ती अमेरिकेत २००० मध्ये आली. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने तिचा समावेश झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशी लस बनवली आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात ती सरकारी केंद्रांत मोफत मिळते.

म्हणजे कान फुटणारच नाही?

तसे नाही. आवरणाचे शंभरहून अधिक प्रकार आहेत, लसीत त्यांतले मोजकेच असतात. शिवाय कानात आढळणाऱ्या हिमोफिलस जिवाणूंना बहुधा आवरणच नसते. त्यामुळे कान वाहू लागल्यास तेल न घालता डॉक्टरांना दाखवावे.

एव्हरींचे पुढे काय झाले?

याच आवरणाचा माग काढताना १९४४ मध्ये त्यांनी मॅक्लिओड व मॅकार्टी यांच्यासह आनुवंशिक गुण डीएनए वाहून नेतो, हे दाखवले. तरीही नोबेल त्यांना मिळाले नाही. १९५५ मध्ये नॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले.