तापमापकाचा शिल्पकार

घरात कोणाला ताप आला, म्हणजे तापमापक लावून तो किती अंश आहे हे आपण पाहतो व डॉक्टरांना कळवतो. डॉक्टर परगावी असले, तरी त्या आकड्यावरून त्यांना रोग्याच्या स्थितीची कल्पना येते. कारण सर्व तापमापकांतील अंश सारखेच असतात. तीनशे वर्षांपूर्वी मात्र तसे नव्हते. ही एकवाक्यता आणण्यासाठी ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइटचे हे चरित्र आहे.

बाल्टिक समुद्राच्या काठी डान्झिग हे भरभराटीचे बंदर होते. आज ते पोलंडमध्ये असून त्यास ग्दान्स्क म्हणतात. तेथील एका जर्मन व्यापाऱ्याच्या घरी २४ मे १६८६ रोजी डॅनियलचा जन्म झाला. तो पंधरा वर्षांचा असताना त्याच्यावर आकाश कोसळले. विषारी अळंबी खाण्यात आल्यामुळे १४ ऑगस्ट १७०१ या एकाच दिवशी त्याचे आईवडील मरण पावले. मुलांचा सांभाळ करण्यासाठी नेमलेल्या पालकांनी त्याला व्यापार शिकण्यास ॲम्स्टरडॅमला धाडले.

जमाखर्चाच्या वह्यांत डॅनियलचे मन रमेना. त्या शहरात तयार होणाऱ्या शास्त्रीय उपकरणांनी त्याला मोहिनी घातली. त्यांच्या पायी त्याला कर्ज झाले. तेव्हा संतापलेल्या पालकांनी त्याला पकडून ईस्ट इंडीजला धाडण्याची तजवीज केली. परंतु त्याने आपला ध्यास सोडला नाही.

त्या काळी काचेच्या नळीत मद्यार्क भरून तापमापक करीत. पण प्रत्येक कारागीर आपल्या मनाप्रमाणे नळीवर खुणा करी. बाजारातील प्रत्येक दुकानदाराचा शेर निराळा असावा, तसाच हा प्रकार होता. १७०८ साली कोपनहेगन येथे फॅरनहाइट ओले रोमर या ज्योतिर्विदास भेटला. ठरावीक तापमानांच्या आधारे नळीवर खुणा करण्याची रोमरची रीत त्याने पाहिली आणि त्याला आपली वाट सापडली. काच फुंकून नळ्या घडवण्याची कलाही त्याने हस्तगत केली. १७१४ साली त्याने क्रिस्टियान वोल्फ या जर्मन विद्वानास दोन तापमापक दिले. दोहोंतील अंश तंतोतंत जुळले, तेव्हा वोल्फ थक्क झाला.

पुढे त्याने मद्यार्काऐवजी पारा योजला. अशुद्ध पारा काचेस चिकटतो, म्हणून तो शुद्ध करण्याची युक्ती त्याने शोधली. बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान त्याने शून्य अंश मानले. बर्फ व पाणी यांच्या मिश्रणाचे ३२ आणि निरोगी मनुष्याच्या शरीराचे ९६. या खुणांच्या दरम्यान त्याने समान भाग पाडले. उपकरणावर अशा रीतीने अंश ठरवण्यास अंशांकन म्हणतात. त्याच्या मृत्यूनंतर शास्त्रज्ञांनी पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ अंश असा कायम केला, तेव्हा शरीराचे तापमान ९८.६ अंश ठरले.

हवेचा दाब बदलला, की पाण्याचा उत्कलनबिंदूही बदलतो, हे फॅरनहाइटने प्रयोगाने दाखवले. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. मान मिळाला, पण धन मिळाले नाही. उपकरणे विकून व रसायनशास्त्रावर व्याख्याने देऊन तो निर्वाह करी. पाणी उपसण्याच्या एका यंत्राचे हक्क मिळवण्यासाठी तो हेग शहरी गेला असता आजारी पडला. १६ सप्टेंबर १७३६ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तेथेच त्याचे देहावसान झाले. त्याचा अंत्यविधी एखाद्या निर्धन माणसाप्रमाणे झाला.

आज बहुतेक देशांत सेल्सिअसचे अंश प्रचारात आहेत. तरीही फॅरनहाइटची थोरवी कमी होत नाही. जे माप सर्वांसाठी सारखे असते, तेच खरे माप होय. हे तत्त्व त्याने नुसते सांगितले नाही. एकेक नळी घडवून ते सिद्ध केले.