विश्लेषण : मूल गप्प बसलं म्हणजे शहाणं? डॉ. मारिया माँटेसरी यांना हे का पटलं नाही?

एका जागी गप्प बसणारं मूल मोठ्यांना शहाणं वाटतं. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी हाच समज आयुष्यभर खोडून काढला.

१८७० मध्ये जन्मलेल्या मारिया १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. बाकावर बसून मुलांच्या पाठीला बाक येतो, म्हणून तेव्हा सुधारित बाक बनवले जात. माँटेसरींच्या मते दोष बाकाचा नव्हता, तासन्‌तास बसवून ठेवण्याचा होता.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं बालगृह सुरू झालं. चार वर्षांची दोन मुलं सहज उचलतील अशी हलकी टेबलं त्यांनी करून घेतली. मुलं हवी तिथे बसू, फिरू लागली.

झोपेसाठी कठड्याच्या पलंगाऐवजी मुलाला स्वतः चढता-उतरता येईल असं बुटकं अंथरूण त्यांनी सुचवलं. झोप आली की मुलानं झोपावं, असं त्या म्हणत.

१९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि मद्रासला शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. १९५२ मध्ये त्यांचं निधन झालं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला त्यांच्या विचाराजवळच जातो. १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसात किमान ३ तास हालचाल व्हावी आणि बाबागाडीत वा खुर्चीत सलग तासाभराहून जास्त अडकवू नये. झोपेबाबत मात्र फरक आहे : झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. दुपारची झोप धरून १-२ वर्षांसाठी ११ ते १४ तास, ३-४ वर्षांसाठी १० ते १३ तास.