विजेचा उपासक : मायकेल फॅरडे

अचलपूर आणि परतवाडा या जुळ्या गावांत गणेशोत्सवाचे दिवस आले, की मांडवामांडवांतून गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होऊ लागतात. मुलांनो, अशाच एका कार्यक्रमाची तुम्ही कल्पना करा. दिव्यांच्या माळा झगमगत आहेत. एक तरुण गळ्यात विजेची गिटार अडकवून उभा आहे. त्याने अजून तारा छेडलेल्याही नाहीत. तोच ध्वनिवर्धकातून भुंग्याच्या गुंजारवासारखा एकसुरी आवाज येऊ लागतो. तरुण थोडा वळला, की तो आवाज उतरतो. पुन्हा वळला, की चढतो. श्रोते चुळबुळ करू लागतात. गिटार बिघडली असे कोणी म्हणतो, तर कोणी ध्वनिवर्धकाला दोष देतो.

हा गुंजारव येतो कोठून? या प्रश्नाच्या उत्तराचा पाया विजेची गिटार जन्माला येण्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे घातला गेला होता, आणि तो घातला होता एका गरीब लोहाराच्या मुलाने. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. त्याचे वडील लोहारकाम करीत. परंतु प्रकृती त्यांना साथ देत नसे. त्यामुळे घरात सदैव ओढाताण असे. १८०१ साली धान्य फार महाग झाले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याला सात दिवस पुरवावा लागे. लिहिणे, वाचणे आणि थोडेसे अंकगणित, एवढेच त्याचे शालेय शिक्षण झाले. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचवण्याच्या कामावर लागला. पुढील वर्षी त्याच दुकानात सात वर्षांच्या कराराने तो पुस्तकबांधणी शिकू लागला.

पुस्तके बांधता बांधता मायकेल ती वाचूही लागला. एका ज्ञानकोशातील विजेवरील लेखाने त्याचे मन वेधून घेतले. जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाने त्याला नवी दृष्टी दिली. केवळ वाचून मात्र त्याचे समाधान होत नसे. गाठीच्या थोड्याशा पैशांतून साहित्य आणून, वाचलेले खरे की खोटे हे तो स्वतः प्रयोग करून पाही.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील व्याख्यानांची तिकिटे दिली. वक्ते होते थोर शास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, त्यांची सविस्तर टिपणे काढली आणि सुमारे तीनशे पानांची ती वही स्वतःच्या हाताने सुबक बांधून डेव्हीकडे पाठवली. डेव्हीने त्याला भेटीस बोलावले. परंतु जागा रिकामी नसल्याने हातचा धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. मायकेल निराश झाला असेल. पण त्याने आशा सोडली नाही. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतील एका साहाय्यकाला कामावरून काढून टाकण्यात आले आणि डेव्हीला या बुकबांधणाऱ्या तरुणाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी मायकेल आठवड्याला २५ शिलिंग पगारावर तेथे रुजू झाला.

त्याच वर्षी तो डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासास निघाला. प्रवासात डेव्हीची पत्नी त्याला नोकरासारखे वागवी. तो अपमान त्याने मुकाट्याने गिळला. परंतु व्होल्टा, अँपियर यांसारख्या विद्वानांना भेटण्याची आणि नवे शिकण्याची एकही संधी त्याने दवडली नाही.

१८२० साली कोपनहेगन येथील ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला असे दिसून आले, की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे जवळची चुंबकसुई हलते. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते, तर चुंबकत्वापासून वीज का निर्माण होऊ नये? या प्रश्नाने फॅरडेच्या मनात घर केले. सुमारे दहा वर्षे तो अधूनमधून प्रयोग करीत राहिला आणि प्रत्येक वेळी अपयशच पदरी आले. इतरांचीही तीच गत झाली. जिनीव्हाच्या कोलाडोने तर चुंबकाचा परिणाम सुईवर होऊ नये म्हणून सुई शेजारच्या खोलीत ठेवली होती. तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवून तो सुई पाहायला जाईपर्यंत ती आपल्या जागी परतलेली असे! शोध त्याच्या दाराशी येऊन परत गेला.

२९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. फॅरडेने सहा इंच व्यासाचे एक लोखंडी कडे घेतले. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्या वेटोळ्याजवळची सुई क्षणभर थरारली आणि स्थिर झाली. बॅटरी काढून घेताच ती पुन्हा थरारली. मधल्या वेळी मात्र ती स्तब्ध होती. दुसरा एखादा ते क्षणिक थरथरणे सोडून देता. फॅरडेने तेच धरून ठेवले. चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलत असले पाहिजे, तरच वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे त्याच्या ध्यानी आले. १७ ऑक्टोबर रोजी पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आतबाहेर सरकवून त्याने वीज निर्माण केली. आज धरणांवर आणि औष्णिक केंद्रांत फिरणारी प्रचंड जनित्रे याच नियमावर चालतात.

१८३६ साली त्याने आणखी एक धाडसी प्रयोग केला. बारा फूट लांब, रुंद आणि उंच अशी एक खोली उभारून ती तारांनी व धातूच्या पत्र्याने मढवली आणि बाहेरून तिच्यावर विजेचा मोठा भार दिला. बाहेर ठिणग्या उडत असता फॅरडे स्वतः आत जाऊन बसला. आतील नाजूक उपकरणांवर विजेची खूणही उमटली नाही. धातूचे आवरण विजेला बाहेरच अडवते, हे सिद्ध झाले.

आता पुन्हा अचलपूरच्या त्या मांडवात येऊ. गिटारीच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार कंप पावली, की तेथील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात अल्पशी वीज उत्पन्न होते. तीच ध्वनिवर्धकात जाऊन नाद बनते. परंतु आपल्याकडील घरगुती वीज दर सेकंदास पन्नास वेळा मागेपुढे वाहते. तिच्याभोवतीचे क्षेत्रही सतत बदलत राहते. वेटोळ्याला आपले आणि परके कळत नाही. ते याही बदलाची वीज करते. तोच तो गुंजारव. सूर आणि गुंजारव ही एकाच नियमाची लेकरे होत!

दोष शोधण्याची रीतही फॅरडेचीच, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची. गिटारीवरील आवाजाची कळ शून्यावर आणूनही गुंजारव तसाच राहिला, तर दोष बहुधा ध्वनिवर्धकात किंवा जोडतारेत असतो. वळल्याने आवाज बदलला, तर वेटोळे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र टिपत असते. तेथून दूर सरावे. तारांना हात लावताच आवाज उतरला, तर आवरण अपुरे आहे असे समजावे. अशा वेळी गिटारीचा पोकळ भाग आतून तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवून तो पत्रा योग्य रीतीने जोडतात. हीच फॅरडेची खोली! मात्र गुंजारव घालवण्यासाठी अर्थिंगची तार कधीही तोडू नये. ते प्राणावर बेतते.

१९५५ मध्ये अमेरिकेतील सेथ लव्हर याने आणखी एक उपाय योजला. त्याने शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवली; त्यांची दिशा परस्परांच्या उलट आणि चुंबकांचे ध्रुवही उलट. बाहेरच्या गुंजारवाला फक्त वेटोळे उलटे भेटते, म्हणून दोन्हींकडचे गुंजारव एकमेकांना खोडतात. तारेच्या नादाला चुंबक आणि वेटोळे दोन्ही उलटी भेटतात. उलट्याचे उलटे सुलटे होते आणि दोन्ही नाद एकत्र मिळतात.

कीर्ती मिळाल्यावरही फॅरडे साधाच राहिला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता त्याने ते नाकारले. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्यात मात्र त्याला मोठा आनंद वाटे. उच्च गणित त्याला अवगत नव्हते. त्याच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेलने दिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याने देह ठेवला.

एक सुई क्षणभर थरारली आणि एका बुकबांधणाऱ्या मुलाने ती लक्षपूर्वक पाहिली, म्हणून आज आपल्या घरात दिवा लागतो. यापुढे एखाद्या मांडवात तो गुंजारव कानी आला, तर कपाळाला आठ्या घालू नका. तो कोठून येतो, हे क्षणभर शोधून पाहा.