इरावती कर्वे आणि कवटीत न सापडलेला वंश

नंदुरबार जिल्ह्यात ‘आपण कोण?’ हा प्रश्न रोजचा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा अनेक समाजांच्या सोबतीने आपले बौद्ध बांधवही इथे राहतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपले काही तरुण कार्यकर्ते थेट रक्तापर्यंत पोहोचतात. आपला वंश वेगळा, त्यांचा वंश वेगळा, असे भाषणांत सांगितले जाते. डीएनएचे दाखले मोबाईलवरून फिरतात. या वाटेने जाण्याआधी आपल्या तरुणांनी एका बाईंचे आयुष्य समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. त्या वंशशास्त्राच्या बालेकिल्ल्यात जाऊन शिकल्या आणि पुढे याच भागातल्या भिल्लांचा अभ्यास करायला आल्या. त्यांचे नाव डॉ. इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. बौद्ध देशातल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवले. हुजूरपागा शाळेत ती शिकली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी मुलीसारखी वाढली. ज्या काळात बहुसंख्य मुलींना शाळेचे तोंडही दिसत नव्हते, त्या काळात पुण्यातल्या ब्राह्मण घराने तिला पुस्तकांनी भरलेल्या खोल्या दिल्या. हे भाग्य तिच्या जातीमुळेही होते, हे आपण विसरू नये. फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन ती पदवीधर झाली. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकली.

लग्न झाले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी. महर्षींनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला होता. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले होते. तरीही सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे, हे त्यांना मान्य नव्हते. सुधारकाच्या घरातही सुधारणा उंबऱ्यापाशी अडते, ती अशी. पण दिनकररावांनी पत्नीची बाजू घेतली. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

तिथे त्या ज्या संस्थेत शिकल्या, ती मानववंश आणि आनुवंशिकता यांच्या अभ्यासासाठी १९२७ मध्ये स्थापन झालेली कैसर विल्हेल्म संस्था. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र रक्ताच्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी वंशमिश्रण घातक असल्याचा सिद्धांत मांडला होता. पुढे हिटलरच्या राजवटीत ही संस्था वंशशुद्धीच्या अमानुष धोरणाला शास्त्राचा मुलामा देत राहिली. अशा गुरूने इरावतीबाईंना विषय दिला मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक युरोपीय गोऱ्यांच्या कवटीत विशेष असेल आणि त्यातून त्यांची श्रेष्ठ बुद्धी दिसेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी युरोपीय आणि इतर लोकांच्या मिळून १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधून आणलेल्या होत्या. निष्कर्ष स्पष्ट निघाला. असमानता सगळ्यांत आहे, पण तिचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशातली, कर्जावर शिकणारी, पंचविशीही न ओलांडलेली मुलगी आपल्या मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध लिहिते, याला धाडस लागते. फिशर यांनी प्रबंध स्वीकारला, पण सर्वांत खालची श्रेणी दिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

भारतात परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या आणि आयुष्यभर तिथेच राहिल्या. स्कूटर चालवणारी बाई म्हणून पुणेकर त्यांच्याकडे वळून पाहत. नवऱ्याला त्या नावाने हाक मारीत. अभ्यासासाठी मात्र त्या पुण्याबाहेर, खेड्यापाड्यांत आणि डोंगरांत फिरत. त्या वेळी आजचा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खान्देश होता. या पश्चिम खान्देशातल्या भिल्लांची सामाजिक आणि आर्थिक पाहणी करून त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. वरून एकच दिसणारा भिल्ल समाज आत अनेक गट, कुळे आणि बोली यांनी बनलेला आहे. आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असते. वसावे, पाडवी, वळवी ही आडनावे ऐकली की इथल्या माणसाला नाते कुठे जुळते आणि लग्न कुठे जुळत नाही, हे लगेच समजते.

नात्यांची हीच रचना इरावतीबाईंच्या सर्वांत मोठ्या कामाचा विषय झाली. १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ आला. उत्तर भारतात जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, तर दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न पसंतीचे. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. इथे मामेबहीण चालते, पण सगळी नाती चालत नाहीत. कोण कोणाच्या घरी मुलगी देतो, यावरून समाजाचा आकार ठरतो, हे त्यांनी देशभरातल्या भाषांमधले नात्यांचे शब्द गोळा करून दाखवले. आदिवासींमध्ये मुलीच्या बापाला देज मिळते, तर सवर्णांमध्ये मुलीचा बाप हुंडा देतो. बाईची किंमत कुठे कशी लावली जाते, हे एवढ्या एका फरकातूनही कळते.

इथे बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या मानवशास्त्राच्या वर्गात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला, तेव्हा इरावती दहा वर्षांची होती. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच मांडले. १९३६ च्या ‘जातिसंहार’ भाषणात त्यांनी जात म्हणजे वंश हा समज खोडून काढला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकांची मोजमापे घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, असे दाखवले. हेच घुर्ये इरावतीबाईंचे शिक्षक.

दोघांचे सगळे पटले असते असे मात्र नाही. एकाच समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या, असे बाबासाहेबांचे म्हणणे. मुळात वेगवेगळे असलेले गट शेजारी येऊन हा समाज झाला, असे इरावतीबाईंचे. महाराष्ट्रातले चित्पावन आणि देशस्थ हे दोघे ब्राह्मण असले तरी मोजमापात एक निघत नाहीत, हा त्यांचा आधार. त्यांच्या या मांडणीत जातींचे वेगळेपण नीट दिसते, पण वरच्याने खालच्याला दाबून ठेवल्याची वेदना कमी दिसते, असे आम्हाला वाटते. शिवाय बर्लिनमध्ये शिकलेली मोजपट्टी त्यांनी पुढेही सोडली नाही. वंशश्रेष्ठत्व नाकारले, तरी माणसांची डोकी आणि नाके मोजणे चालूच राहिले. हा त्यांच्या अभ्यासाचा कमकुवत भाग आहे.

पण माणसांकडे पाहण्याची त्यांची नजर कोरडी नव्हती. पंढरीच्या वारीत चालताना एकाच दिंडीत जातींच्या पंक्ती वेगळ्या बसतात, याची खंत त्यांनी लिहून ठेवली. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी करून त्यांनी जाई निंबकर यांच्यासोबत पुस्तक लिहिले. ते १९६९ मध्ये आले. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांचे जे झाले, त्याच्या कितीतरी आधीचे हे काम. धरणाच्या हिशोबात जमीन आणि घर मोजले जाते. सोयरीक मोजली जात नाही. मणिबेलीसारख्या गावांतली कुटुंबे काही गुजरातेत, काही तळोदा-शहाद्याकडे गेली, तेव्हा नात्यांचीही फाळणी झाली.

महाभारतातल्या माणसांवर लिहिलेल्या ‘युगान्त’साठी १९६८ मध्ये इरावतीबाईंना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, बर्लिनमध्ये गोऱ्यांचे श्रेष्ठत्व शोधणाऱ्यांना ते कवटीत सापडले नाही. उद्या आपल्याला आपली थोरवी रक्तात सापडेल, या भ्रमात आपण राहू नये. वंशाची भाषा आज आपल्या बाजूची वाटते. पण तीच भाषा उलटून कोणावर येते, हे जर्मनीने जगाला दाखवले आहे. बाबासाहेबांनी आपल्याला रक्ताची ओळख दिली नाही, १९५६ मध्ये स्वतः निवडलेली धम्माची ओळख दिली. मग आपल्या वधू-वर मेळाव्यांत अजूनही पोटजात का विचारली जाते? बौद्ध मुलाने पावरा मुलीशी किंवा भिल्ल मुलाने बौद्ध मुलीशी लग्न करायचे म्हटले, तर दोन्ही घरांत शांतता का पसरते? जात आणि वंश जिवंत आहेत ते सोयरिकीच्या बैठकीत आणि जेवणाच्या पंगतीत. कार्यकर्त्यांनी कामाला सुरुवात तिथूनच करावी, आणि सर्वांत आधी स्वतःच्या घरातून.