लोकमान्यांचें एक वर्ष

आपल्या जिल्ह्यांतील वणी गांवीं जन्मलेले लोकनायक बापूजी अणे ज्यांचे अनुयायी होते, त्या लोकमान्य टिळकांचें राजकारण सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें त्यांच्या विद्यार्थिदशेविषयीं. परीक्षा जवळ आली कीं ज्यांची झोंप उडते, त्या मुलांनीं व त्यांच्या आईबापांनीं तें अवश्य वाचावें.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झाला. दहाव्या वर्षीं मातोश्री निवर्तल्या. १८७२ सालीं वडील गंगाधरपंतही गेले, आणि त्याच सालीं हा पोरका मुलगा म्याट्रिक झाला. पुढें ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. बुद्धि तल्लख, पण देह अगदींच किरकोळ! तेव्हां कॉलेजाचें पहिलें वर्ष त्यांनीं पुस्तकांस न देतां तालमीस, पोहण्यास व सकस आहारास दिलें. शरीर कमावलें, परीक्षेंत मात्र नापास झाले.

आजचा पालक अशा मुलास घरांत उभें करील काय? आम्हांस शंका आहे. वर्ष गमावणें प्रत्येक घरास परवडत नाहीं, हेंही खरें; पण आधीं नीट जेवण, खेळ व झोंप तोडावयाची आणि मग मुलाचें चित्त लागत नाहीं म्हणून रागवावयाचें, ही रीत आम्हांस उफराटी वाटते.

त्यानंतर टिळकांनीं जो अभ्यास केला तो सोपा नव्हता. गणित हा त्यांचा आवडता विषय. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गुरु लाभलेले. कठीण उदाहरणें ते मनांतल्या मनांत सोडवीत. १८७६ ची बी. ए. ची परीक्षा ते पहिल्या वर्गांत उतरले. १८७९ सालीं एल्एल्. बी. झाले. एम्. ए. मात्र प्रयत्न करूनही साधलें नाहीं. पण तेवढ्यानें ते खचले नाहींत. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें, तेव्हां ते शिकविण्यास उभे होतेच.

१९०८ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेचा तुरुंग, मधुमेहाचें दुखणें, आणि १९१२ सालीं तेथेंच कळलेली पत्नीच्या निधनाची वार्ता. त्याच तुरुंगांत, १९१०-११ च्या हिंवाळ्यांत, कांहीं महिन्यांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहून काढलें. तालमींतलें तें वर्ष येथें कामास आलें, असें आम्ही समजतों.

१९१४ सालीं ते सुटले. १९१७ सालीं होमरूलच्या प्रचारार्थ वऱ्हाडांत फिरत असतां ते आपल्या यवतमाळासही आले व येथें त्यांचें व्याख्यान झालें. तेव्हां त्यांची साठी उलटली होती.